जजमेंट: बोललेले तितकेच हात करण्याचा खेळ

पाच-तीन-दोन खेळलेल्या माणसाला जजमेंट समजायला दहा मिनिटे पुरतात. पाच-तीन-दोनमध्ये कोणी किती हात करायचे हे आधीच ठरलेले असते आणि त्याहून जास्त हात झाले तर ते फायद्याचेच असतात, कारण पुढच्या डावात कमी पडलेल्याच्या हातातले पान ओढता येते. जजमेंटमध्ये या दोन्ही गोष्टी उलट्या होतात. किती हात होतील हे आपली पाने बघून आपणच सांगायचे आणि मग नेमके तेवढेच करायचे. एक कमी झाला तरी शून्य, एक जास्त झाला तरी शून्य. त्यामुळे मेंढीकोटात मुरलेला, एक्के दिसले की सुखावणारा खेळाडू या खेळात पहिल्या दिवशी हमखास हरतो. हात कसे मारायचे हे त्याला पक्के ठाऊक असते, पण नको असलेला हात दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालायचा हे त्याला कधी शिकावेच लागलेले नसते.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत १९३० च्या सुमारास ‘ओह हेल’ या नावाने पसरलेल्या खेळाचेच हे आपल्याकडचे रूप आहे. गुजराती घरांत आणि मुंबईत याला ‘काचुफूल’ म्हणतात. त्या नावातच दर डावाला बदलणाऱ्या हुकमाचा क्रम दडलेला आहे: का म्हणजे काळी अर्थात इस्पिक, चु म्हणजे चौकट, फू म्हणजे फुल्ली अर्थात किलवर आणि ल म्हणजे लाल अर्थात बदाम. उत्तर भारतात आणि नेपाळमध्ये लोकप्रिय असलेला कॉलब्रेक हा याचा भाऊबंद म्हणता येईल. पण तिथे इस्पिक कायमचे हुकूम असते आणि बोलीपेक्षा जास्त हात झाले म्हणून डाव बुडत नाही, त्यामुळे त्याची चव अगदी वेगळी आहे.

मांडणी आणि वाटप

खेळ तीन ते सात जणांत खेळता येतो. चार किंवा पाच जण असले की तो सर्वांत रंगतो. या लेखातील सर्व आकडेमोड चार खेळाडू धरून केलेली आहे. ५२ पानांचा एक जोड घ्यावा आणि जोकर बाजूला काढावेत. पहिल्या डावात प्रत्येकाला ८ पाने वाटावीत, दुसऱ्यात ७, असे करत एका पानापर्यंत खाली यावे आणि मग पुन्हा एका पानापासून आठपर्यंत वर चढावे. असे एकूण १६ डाव होतात. सहा जण असले तरी ८ पानांपासून सुरुवात करता येते, कारण ४८ पाने लागतात. सात जणांना मात्र ७ पानांपासूनच सुरुवात करावी लागते. चार जणांत दहा किंवा तेरा पानांपासूनही काही जण सुरुवात करतात, पण एवढे मोठे डाव रेंगाळतात आणि खेळाची खरी गंमत सहा पानांच्या खालीच सुरू होते, असे माझे मत आहे.

वाटण्याची पाळी प्रत्येक डावाला एकेक घर पुढे सरकते. ती डावीकडून फिरवावी की उजवीकडून हे घराघरांत वेगळे असते. पहिला डाव वाटण्यापूर्वी तेवढे ठरवून घ्यावे. चार जणांत १६ डाव खेळले की प्रत्येकाच्या वाट्याला चार वाटपे येतात आणि त्या चार डावांतील पानांची बेरीज प्रत्येकासाठी १८ च भरते, म्हणजे वाटणाऱ्यावर येणारे बंधन सर्वांना सारखेच सोसावे लागते. मात्र एक खोच आहे. चार खेळाडू आणि चार रंगांचा क्रम जुळल्यामुळे एकच माणूस प्रत्येक वेळी एकाच हुकमावर वाटत राहतो. हे टाळायचे असेल तर चार रंगांनंतर पाचवा डाव बिनहुकमी ठेवावा. त्याने क्रमही मोडतो आणि एक्क्या-राजांना एखाद्या डावापुरती त्यांची खरी किंमत मिळते.

वाटून उरलेली पाने उपडी ठेवावीत आणि डाव संपेपर्यंत कोणीही ती पाहू नयेत. या उपड्या गठ्ठ्याचे महत्त्व पुढे कळेल.

बोली

पाने उचलल्यावर वाटणाऱ्याच्या शेजाऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येकाने आपण किती हात करणार ते मोठ्याने सांगायचे. शून्यही बोलता येते. एकदा बोललेला आकडा बदलता येत नाही. वाटणारा सर्वांत शेवटी बोलतो आणि त्याच्यावर एक बंधन असते: सर्वांच्या बोलींची बेरीज डावातील पानांइतकी होईल असा आकडा त्याला बोलता येत नाही. पाच पानांच्या डावात पहिल्या तिघांनी मिळून ३ हात बोलले असतील, तर वाटणाऱ्याला २ सोडून काहीही बोलता येते.

हा नियम काही घरांत गाळला जातो, पण तो गाळू नये. या नियमामुळेच प्रत्येक डावात किमान एकाचे जजमेंट चुकणार हे निश्चित होते. तो नसेल तर चौघेही समजूतदारपणे खेळून चौघांचेही हात बरोबर येऊ शकतात, आणि मग पत्ते कुटण्यापेक्षा गप्पा मारलेल्या बऱ्या.

हात खेळणे

पहिली उतारी वाटणाऱ्याच्या शेजाऱ्याची, म्हणजे जो पहिला बोलला त्याची. ज्या रंगाचे पान उतरले असेल त्या रंगाचे पान हातात असल्यास तेच द्यावे लागते. नसल्यास हुकूम मारता येतो किंवा दुसऱ्या कोणत्याही रंगाचे पान टाकता येते. हुकूम मारण्याची सक्ती नाही. हुकूम पडला असेल तर सर्वांत मोठ्या हुकमाचा हात, नाहीतर उतरलेल्या रंगातील सर्वांत मोठ्या पानाचा हात. एक्का सर्वांत मोठा, दुर्री सर्वांत लहान. हात ज्याचा झाला त्याने पुढची उतारी करायची. झालेले हात आपल्यासमोर एकमेकांवर आडवे-उभे रचून ठेवावेत, म्हणजे कोणाचे किती झाले हे कोणालाही विचारावे लागत नाही. रंग असून न दिल्याचे उघडकीस आले तर त्या खेळाडूला त्या डावाचे शून्य द्यावे आणि डाव रद्द करून पुन्हा वाटावा.

गुण

जजमेंट बरोबर आल्यास १० अधिक बोललेले हात, चुकल्यास शून्य. कागदावर प्रत्येकाच्या नावाखाली बोली लिहून ठेवायची आणि बरोबर आल्यास तिच्या आधी फक्त १ लावायचा: शून्याचे १० होतात, तीनचे १३. चुकल्यास आकडा खोडायचा. आठ पानांपर्यंतच थांबण्याचे हेही एक सोयीचे कारण आहे, कारण दहा हात बोलणाऱ्याच्या आकड्याआधी १ लावला तर त्याचे ११० होतील.

या गुणपद्धतीचा परिणाम नीट समजून घ्यावा. शून्य बोलून बरोबर येणाऱ्याला १० आणि तीन बोलून बरोबर येणाऱ्याला १३, म्हणजे फरक फक्त तीनचा. पण बरोबर आणि चूक यांत किमान दहाचा फरक पडतो. म्हणून जास्त हात बोलण्याचा मोह धरू नये. हातात जी पाने आहेत त्यांनी जो आकडा साधण्याची शक्यता सर्वाधिक, तोच बोलावा. काही घरांत प्रत्येक चुकलेल्या हातामागे उणे गुण देतात, तर काही ठिकाणी बोललेल्या प्रत्येक हाताला दहा गुण असतात. तिथे हिशेब बदलतो आणि धाडसाला किंमत येते. कोणत्या घरात खेळतो आहोत हे पहिल्या बोलीआधी विचारून घ्यावे.

पाने कशी मोजावीत

आता मुख्य विषय. आठ पानांच्या डावात चौघांकडे मिळून ३२ पाने असतात आणि २० पाने उपडी राहतात. एका रंगाच्या १३ पानांपैकी सरासरी ८ पाने खेळात असतात, म्हणजे प्रत्येकाला त्या रंगाची दोन. ही सरासरी मनात ठेवून मोजायला लागावे. आठ हात चौघांत वाटले जाणार असल्याने प्रत्येकाचा न्याय्य वाटा दोन हातांचा. आपली पाने सरासरीहून किती चांगली किंवा वाईट आहेत एवढेच ठरवायचे आहे. हुकमाची चार पाने आली तर उरलेल्या तिघांत मिळून सरासरी पाचच हुकूम आहेत, म्हणून आपला चौथा हुकूम, तो चौकी का असेना, बहुधा एक हात करून जाईल. हातात एखाद्या रंगाचे एकही पान नसेल आणि दोन बारीक हुकूम असतील, तर त्यांपैकी एकाचा तरी कापण्यासाठी उपयोग होईल असे धरावे.

मोठी पाने मोजताना डाव किती पानांचा आहे हे विसरू नये, कारण त्यानुसार एकाच पानाची किंमत बदलते. हुकमाचा राजा घ्या. त्याच्या वर फक्त एक्का. आठ पानांच्या डावात आपल्याला न दिसणारी पाने ४४ आणि त्यांतली २४ इतरांकडे, म्हणजे एक्का कोणाकडे तरी असण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के. पाच पानांच्या डावात ती ३२ टक्क्यांवर येते आणि दोन पानांच्या डावात अवघ्या १२ टक्क्यांवर. पाने कमी होत जातात तसा एक्का उपड्या गठ्ठ्यात झोपलेला असण्याची शक्यता वाढते आणि राजाच एक्का होऊन बसतो. राणी आणि गुलामही त्याच चालीने वर सरकतात.

बिनहुकमी रंगाच्या एक्क्याचे मात्र नेमके उलटे आहे. तो मोठ्या डावात भरवशाचा आणि छोट्या डावात फसवा असतो, कारण त्याला धोका वरच्या पानाचा नसून हुकमाचा आहे. आठ पानांच्या डावात आपल्याकडे एक्का आणि त्याच रंगाचे आणखी एक पान असेल, तर एखाद्या विशिष्ट खेळाडूकडे तो रंग अजिबात नसण्याची शक्यता सुमारे ८ टक्के असते. तीन पानांच्या डावात हातात एकटा एक्का असेल तर हीच शक्यता ४२ टक्क्यांपर्यंत जाते, आणि असे खेळाडू तीन आहेत. रंग नसलेल्या प्रत्येकाकडे हुकूम असेलच असे नाही, पण कोणा एकाकडे असला तरी पुरे. त्यामुळे तीन-चार पानांच्या डावात बाजूच्या एक्क्यासाठी एक हात बोलताना, उतारी आपली आहे की नाही हे आधी पाहावे. उतारी आपली असेल तर तो लगेच खेळून मोकळे व्हावे; नसेल तर अर्धाच हात धरावा.

अशा अर्ध्या हातांची बेरीज करून शेवटी दीड किंवा अडीच असा आकडा येतो आणि नवशिका तिथेच अडतो. तो आकडा वर न्यावा की खाली, याचे उत्तर आपल्या पानांत नसून आपल्या आधी झालेल्या बोलींत आहे. आधीच्या खेळाडूंनी भरभरून बोलले असेल तर हातांसाठी ओढाताण होणार, म्हणून खाली यावे. सगळे कचरत बोलत असतील तर हात कोणालाच नको आहेत. तेव्हा आपली मधली पानेही न मागता हात करतील, म्हणून वर जावे.

तिसऱ्या क्रमांकावर बोलणाऱ्याला आणखी एक हत्यार मिळते. आठ पानांच्या डावात पहिल्या दोघांनी मिळून ४ बोलले असतील आणि आपला हिशेब एक आणि दोन यांच्या मध्ये अडकला असेल, तर २ बोलल्याने बेरीज ६ होते आणि वाटणाऱ्याला २ हा त्याचा सर्वांत नैसर्गिक आकडा बोलता येत नाही. आपल्याला दोन्ही आकडे सारखेच वाटत असतील तर दुसऱ्याची वाट अडवणारा आकडा निवडण्यात गैर काही नाही.

शून्याची बोली

शून्य ही भित्र्याची बोली समजली जाते, ते चुकीचे आहे. आठ पानांच्या डावात शून्य टिकवणे हे चार हात बोलून ते करण्यापेक्षा अवघड असू शकते. शून्यासाठी पाने नुसती लहान असून भागत नाही, तर प्रत्येक रंगात लहान पान हवे. चौकटीची दुर्री, सत्ती आणि राणी अशी तीन पाने हातात असतील तर ती एकट्या नव्वीपेक्षा सुरक्षित असतात. कारण पहिल्यांदा चौकट उतरली की दुर्री देता येते, आणि पुढे दुसऱ्या एखाद्या रंगात पान नसेल तेव्हा राणी टाकून देता येते. एकटी नव्वी मात्र तो रंग उतरताच द्यावीच लागते, आणि छोट्या डावात तिच्या वरचे एकही पान बाहेर नसणे सहज शक्य असते. पहिली उतारी आपली असेल आणि शून्य बोललेले असेल, तर दुर्री-तिर्री उतरण्याची घाई करू नये. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात रंग भरलेले असतात, तेव्हाच पंजी-छक्कीसारखे पान खेळून घ्यावे. ते पुढे धोक्याचे ठरणार असते. दुर्री शेवटासाठी राखावी. मात्र तीही कायमची सुरक्षित नाही: त्या रंगाची बाकीची पाने संपल्यावर आपण दुर्री उतरलो आणि कोणाकडे हुकूम उरला नाही, तर हात दुर्रीचाच.

बेरीज काय सांगते

शेवटची बोली झाली की वाटणाऱ्याने बेरीज मोठ्याने सांगावी: “पाच पाने, बोली सहा” किंवा “पाच पाने, बोली तीन.” इथून पुढचा सगळा डाव या एका फरकावर चालतो. बेरीज जास्त असेल तर हात अपुरे आहेत आणि प्रत्येकाला ते हवे आहेत. अशा डावात हक्काचे हात लवकर वसूल करावेत, बाजूचे एक्के पहिल्या संधीला काढावेत आणि बारीक हुकमाने कापण्याची संधी आली तर ती सोडू नये, कारण नंतर आपल्या हुकमावर चढणारा हुकूम येईल.

बेरीज कमी असेल तर काही हात बेवारस आहेत. ते कोणालाच नको आहेत आणि कोणाच्या तरी गळ्यात पडणारच आहेत. अशा डावात मोठी पाने संपत्ती नसून ओझे असतात आणि सर्वांत घातक असतात ती दश्शी-नव्वीसारखी मधली पाने, जी बोलताना आपण हिशेबातच धरलेली नसतात. ती इतरांच्या मोठ्या पानांखाली जितक्या लवकर सरकवता येतील तितकी बरी.

एक डाव, पान न् पान

हे एका डावात पाहू. पाच पाने, हुकूम इस्पिक, वाटणारा उत्तर. त्यामुळे बोली आणि खेळ पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर या क्रमाने.

पूर्वेकडे बदाम एक्का आणि पंजी, चौकट तिर्री, किलवर गुलाम आणि नव्वी. दक्षिणेकडे, म्हणजे आपल्याकडे, इस्पिक राणी, बदाम दश्शी आणि दुर्री, चौकट अठ्ठी, किलवर चौकी. पश्चिमेकडे बदाम सत्ती, चौकट पंजी आणि चौकी, किलवर छक्की आणि तिर्री. उत्तरेकडे इस्पिक छक्की, बदाम छक्की, चौकट राजा आणि नव्वी, किलवर अठ्ठी.

पूर्व बदामाच्या एक्क्यावर १ बोलतो. आपण हुकमाच्या राणीवर १. पश्चिम ० बोलतो. उत्तरेला ३ बोलता येत नाही, तो १ बोलतो. बेरीज ३, पाने ५: दोन हात बेवारस.

पूर्व बदाम एक्का उतरतो. आपल्याकडे बदामाची दश्शी आणि दुर्री अशी दोन पाने आहेत आणि हात तर पूर्वेचाच होणार आहे. नवशिक्या हाताला इथे सवयीने दुर्री टाकावीशी वाटते: हात जाणारच आहे, तर चांगले पान कशाला वाया घालवा? पण बेरीज आठवा. आपल्याला एकच हात हवा आहे आणि तो राणी करणार आहे. दश्शी हे आपल्या हातातले सर्वांत धोक्याचे पान आहे आणि तिला एक्क्याखाली सरकवण्याची ही फुकटची संधी आहे. आपण दश्शी टाकतो. पश्चिम सत्ती देतो, उत्तर छक्की. पूर्वेचा एक हात झाला.

आता पूर्वेला काहीच नको आहे; तो चौकट तिर्री उतरतो. आपण अठ्ठी, पश्चिम पंजी, आणि उत्तर राजा टाकून आपला एक हात पुरा करतो. त्यालाही आता काही नको, म्हणून तो किलवर अठ्ठी उतरतो. पूर्व इथे अडकतो. त्याच्याकडे किलवरचा गुलाम आणि नव्वी आहे आणि दोन्ही पाने अठ्ठीच्या वर. तो गुलाम देतो, आपण चौकी, पश्चिम छक्की, आणि नको असलेला दुसरा हात पूर्वेच्या गळ्यात पडतो. बोलताना त्याने फक्त एक्का मोजला. ३२ पाने उपडी असताना गुलाम-नव्वी हीसुद्धा मोठीच पाने आहेत हे मोजले नाही.

पूर्वेकडे आता बदाम पंजी आणि किलवर नव्वी. तो पंजी उतरतो. आपण राखून ठेवलेली दुर्री देतो, पश्चिम चौकट चौकी टाकतो, उत्तर चौकट नव्वी. हात पंजीचा, पुन्हा पूर्वेकडे. शेवटच्या हाताला किलवर नव्वी येते, आपण हुकमाच्या राणीने ती कापतो, पश्चिमेची तिर्री आणि उत्तरेची हुकमाची छक्की तिच्याखाली पडते. आपला एक हात, जजमेंट बरोबर, ११ गुण. पश्चिमेचे १०, उत्तरेचे ११, पूर्वेचे तीन हात आणि शून्य गुण.

पहिल्या हाताला आपण दुर्री टाकली असती तर? चौथ्या हाताला पूर्वेच्या पंजीवर दश्शी द्यावी लागली असती, ती जिंकली असती, आणि शेवटचा हात राणीने केला असता. एकूण दोन, जजमेंट चूक. पहिल्याच पानाला डाव हातातून गेलेला असतो आणि ते कळते चौथ्या पानाला.

एका पानाचे डाव

एका पानाच्या डावाकडे लोक चेष्टा म्हणून पाहतात. तिथेही हिशेब आहे. हुकमाचे पान आले तर ते उतारीवर अवलंबून नसते, फक्त त्याहून मोठा हुकूम कोणाकडे नसावा लागतो. चार खेळाडूंत हुकमाची अठ्ठी सुमारे ६८ टक्के वेळा जिंकते, चौकी ५१ टक्के, तिर्री ४७ आणि दुर्री ४४ टक्के. उतारी आपली आणि हातात बिनहुकमी एक्का असेल तर तो जिंकण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के, म्हणजे हुकमाच्या दुर्रीहूनही कमी. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण मोजून पाहता येते. म्हणून हुकमाच्या चौकीपासून वर १ बोलावे, बिनहुकमी पानावर ० बोलावे. तिर्री आणि दुर्रीच्या बाबतीत आधीच्या बोली ऐकून ठरवावे.

वाटणाऱ्याची अवस्था या डावात बिकट होते. आधीचे तिघे शून्य बोलले तर त्याला १ बोलता येत नाही, म्हणजे हातात हुकमाचा एक्का असला तरी त्याला शून्यच बोलावे लागते. आधी एकाने १ बोलले असेल तर त्याला ० बोलता येत नाही, मग हातात दुर्री असली तरी १. म्हणून तिसऱ्या बोलणाऱ्याने आपले पान सीमेवरचे असेल तर वाटणाऱ्याच्या गुणांकडे एक नजर टाकून बोलावे.

शेवटचे डाव

शेवटच्या तीन-चार डावांत कागदावरचे गुण पाहून खेळणे भाग आहे. आपण पुढे असू तर गणित सोपे आहे: जे सर्वांत खात्रीचे तेच बोलावे, कारण दोघांचेही जजमेंट बरोबर आले तर अंतर फक्त बोलींच्या फरकाइतकेच बदलते. हेच मागे असलेल्याच्या बाजूने पाहा. तीन गुणांनी मागे असलेल्याला स्वतःचे जजमेंट बरोबर आणून पुढे जायचे असेल तर पुढच्या माणसापेक्षा चार हात जास्त बोलावे लागतील, आणि ते बहुधा शक्य नसते. त्याचा खरा मार्ग एकच: स्वतःची बोली सांभाळून पुढच्याची मोडणे. पुढच्याचे हात पुरे झाले असतील तर त्याच्याकडे मोठी पाने उरली आहेत अशा रंगात बारीक पान उतरावे. त्याला एक हात कमी असेल तर तो ज्या रंगाची वाट पाहत आहे तो रंग टाळावा, आणि त्याच्यानंतर आपली पाळी असेल तर त्याच्या पानावर आपले मोठे पान किंवा हुकूम चढवावा. यासाठी इतरांच्या बोली आणि झालेले हात सतत लक्षात ठेवावे लागतात. कोण पुरा झाला, कोण भुकेला आहे, कोणाचे आधीच बुडाले आहे. ज्याचे बुडाले आहे त्याच्यापासून सर्वांत सावध राहावे, कारण त्याला गमावण्यासारखे काही उरलेले नसते आणि वर्मी बसेल असे पान तो हसत टाकतो.

शेवटचा डाव पुन्हा आठ पानांचा असतो आणि चार जणांत तो वाटण्याची पाळी सुरुवातीला वाटणाऱ्याच्या आदल्या घरावर येते. आपण त्या घरी बसलो असू तर आधीच्या बोलींची बेरीज ६ भरली की आपला २ अडतो. तिसऱ्या क्रमांकावर बोलणारा ही बेरीज जुळवायला टपलेला असतो, म्हणून शेवटची पाने उचलताना आपल्या मनात दोन आकडे तयार असावेत.